आबांच्या ढोलाचं कातडं

आबा, म्हणजे माझे वडील, गेले तरी त्यांचा ढोल खुंटीवर होता. जत तालुक्यातल्या आमच्या घरात दारातून वारा आला की त्याचं कातडं हलकेच घुमायचं. कुणी हात न लावता. धाकटा भाऊ म्हणायचा, "आबा आलं."

नव्वदच्या दशकात मी सांगलीला रोगजंतूंच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आबा गेले त्या उन्हाळ्यात आमच्या कळपाचा म्होरक्या मेंढा माळावर चरता चरता कोसळला. नाकातून आलेलं काळं रक्त गोठेना. असं जनावर न उघडता पुरायचं असतं. पण म्होरक्याचं कातडं ढोलावर चढवलं की तो जत्रेतही पुढंच चालतो, असं आबा मानत. त्यांनी तो स्वतः सोलला, कातडं वाळवलं, ताणून बांधलं. मग मनगटावर एक पुळी उठली. दुखत नव्हती, फक्त मधोमध कोळशासारखी काळी. सांगलीला आणलं तोवर हात खांद्यापर्यंत सुजला होता. डॉक्टर म्हणाले, काळपुळी. अँथ्रॅक्स, मेलेल्या जनावरातून माणसाला होणारा.

आबांना माती देऊन मी कामावर परतले, तेव्हा त्यांच्या पुळीतले जंतू आमच्याकडच्या काचेच्या नळीत वाढत होते.

पुढच्या वर्षी भावानं बिरोबाच्या जत्रेत तोच ढोल गळ्यात घालायचं ठरवलं.

"त्या कातड्यात रोग असेल रे," मी म्हणाले.

"मेंढा मेला, आबा गेलं, आन् रोग तेवढा जित्ता? लय शिकलीस अक्का. ढोलाला ताप आलाय का बघ की हात लावून."

मी तोंड बांधून, हातमोजे घालून ओल्या कापसानं कातडं पुसून घेतलं. मेंढा पडला होता तिथली चिमूटभर मातीही घेतली. आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी ते सगळं, आबांच्या जंतूंच्या नळीसकट, पुण्याच्या संस्थेत नेलं. जंतूचा अख्खा जनुकसंच वाचणं तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हतं. एक छोटा तुकडा वाचता यायचा. सर म्हणाले, त्या तुकड्यातली काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि किती वेळा येतात ते जंतूच्या वाणानुसार बदलतं.

उत्तर एक्स-रेसारख्या फिल्मवर आलं. जत्रा तोंडावर होती. मी ती फिल्म दारातल्या उजेडात भावापुढे धरली. शिडीच्या पायऱ्यांसारख्या काळ्या रेघा; वाण वेगळा असता तर रेघ वरखाली झाली असती.

"हे आबांच्या हातातले. हे ढोलावरचे. हे माळावरचे."

त्यानं एका पायरीवर बोट ठेवलं आणि ते आडवं सरकवत नेलं. आबांकडून ढोलाकडे, ढोलाकडून माळाकडे. रेघ कुठंच वरखाली झाली नाही.

"म्हंजी त्यो अजून हितंच हाय?"

"हो. निजलाय, सुक्या बियाण्यासारखा."

"कवापातूर?"

"माहीत नाही. कदाचित आपण दोघं गेल्यावरही असेल."

वाऱ्यानं ढोल घुमला. या वेळी भाऊ दोन पावलं मागे सरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फेटा तोंडाला गुंडाळला, लांब काठीनं ढोल खाली घेतला, पोत्यात घालून घरामागच्या खड्ड्यात ठेवला. वर लाकडं रचली, रॉकेल ओतलं. धूर अंगावर येऊ नये म्हणून आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभे राहिलो. आगीत कातडं ताणत गेलं असावं. फाटण्याआधी एकदाच ते मोठ्यानं वाजलं. आबांच्या थापेसारखं.

काटेरी कुंपणाच्या वाड्यात बसलेली मेंढरं एकदम उठली. निघायची वेळ झाल्यासारखी सगळी माळाकडे तोंड करून उभी राहिली, पण म्होरक्याची वाट बघत असल्यासारखं पुढे कुणीच पाऊल टाकेना.