कोबीच्या टोप्या

थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं बावीस वर्षांत कधी पटलं नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला दारात उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा उतरता आहे तुझा." तेव्हापासून आरशासमोर गेले की मी आधी खांदाच बघते.

बाई शाळेचे गणवेश शिवतात. पुढच्या खोलीत मशीन, मशीनवर त्या, आणि घरभर दोऱ्यांचे तुकडे. टेप गळ्यातून उतरत नाही. दुसऱ्याचं काम त्यांना पसंत पडणं शक्यच नाही. मी घडी घातलेली चादर माझ्यादेखत उलगडून त्या पुन्हा घडी घालतात.

घरामागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, दोन्ही बिऱ्हाडांची मिळून. तिथे आम्ही दरवर्षी कोबी लावतो. सासऱ्यांची खिडकी नेमकी तिकडेच उघडते. बाबांना दमा, त्यात चालणंही बंद झालेलं, त्यामुळे त्यांचा सगळा दिवस त्या खिडकीत जातो. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी अळीवर औषध फवारलं आणि बाबा तीन दिवस खोकत राहिले. जाऊबाईंनी फवारणीचा पंप उचलून माळ्यावर टाकला.

"यापुढे या घरात फवारणी होणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग अळ्यांना काय हात जोडू, वहिनी?" हे म्हणाले.

महिनाभर घरात नुसती धुसफूस. शेवटी ठरलं ते असं: यंदा जाऊबाईंच्या पद्धतीने करायचं. कोबी वाचला तर वाचला. नाही वाचला तर पंप खाली येणार आणि बाबांची खाट आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत जाणार.

बाबांची खाट आत जावी असं मला वाटत नव्हतं. जाऊबाईंचं एकदा तरी चुकावं, एवढंच वाटत होतं.

रोज सकाळी त्या चष्मा लावून पान न् पान उलटायच्या. पानामागे फुलपाखराची पिवळी अंडी दिसली की अंगठ्याने चिरडायच्या, अळी सापडली की साबणाच्या पाण्यात टाकायच्या. नजरेतून सुटलेल्या अळ्या पक्षी टिपायचे. कोबी खरंच धड राहिला होता, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. पण शिवणाऱ्या हाताला स्वस्थ बसवत नाही. एक दिवस बाई टेप घेऊन चक्क कोबीची मापं घ्यायला बसल्या. घेर किती, उंची किती, सगळं वहीत. जुन्या पडद्यांच्या जाळीच्या टोप्या शिवायच्या, खाली इलॅस्टिक, म्हणजे फुलपाखरू आत शिरायलाच नको.

"एकच माप सगळ्यांना चालणार नाही का?" मी विचारलं.

"तुला चालतं. म्हणून तुझे कपडे तसे बसतात."

चार दिवस त्या मशीनवरून उठल्या नाहीत. सव्वीस टोप्या. त्या चार दिवसांत पानं उलटायला कोणी गेलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी दोरीवरचे कपडे काढत होते. सहज एक पान उलटलं, तर खाली पिवळी अंडी, दाटीवाटीने. दुसऱ्या पानाखाली तेच. आतून मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. एक हाक पुरली असती. मी कपडे गोळा केले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप्या चढल्या. गिऱ्हाईक अंघोळ करून आलंय की नाही हे शिंपी कधी बघत नाही, तशा जाऊबाई पानं न उलटता नुसती शिवण बघत राहिल्या. कुठे चुणी नको, कुठे सैल नको. मग बारा दिवस कोणाला हात लावू दिला नाही. जाळी दाट, आतलं काही दिसेना. पक्षी टोपीवर बसायचे आणि तसेच उडून जायचे.

बाराव्या दिवशी पहिली टोपी काढली. आत कोबीच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि बोटभर लांब, जाड अळ्या. सव्वीसच्या सव्वीस तशाच.

जाऊबाई चिखलातच खाली बसल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

त्याच दुपारी ह्यांनी माळ्यावरून पंप काढला. खाट हलवायची तयारी सुरू झाली. जाऊबाई आतली खोली झाडत होत्या, हे खाटेची दुसरी बाजू धरायला कोणाला तरी बोलवायला गेले होते. मी बाबांची उशी घ्यायला वाकले.

"तुला दिसली होती ना अंडी?" बाबांनी हळूच विचारलं.

मी उशीचा अभ्रा सारखा करू लागले.

"त्या दिवशी फुलपाखरं पानापानावर बसत होती, मी इथूनच बघत होतो," ते म्हणाले. दम लागला म्हणून थांबले. "तू पान उलटलंस तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, हिने पाहिलं. मला एवढ्या लांब हाक मारवत नाही. म्हटलं, आता ही सांगेलच."