कुठे दुखतं ते रंगवा

आमच्या वॉर्डात नर्सेसची खुर्ची मोजायला बाई आली तेव्हा खुर्ची एकच होती आणि तिच्यावर डॉक्टर बसले होते. इथूनच माझं डोकं फिरायला लागलं.

मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात मी बायकांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. नर्सेसच्या अंगाला त्यांची कामाची जागा सोसते की नाही, काउंटर किती उंच आहे, वाकावं किती लागतं, हे सगळं तपासायला मॅनेजमेंटने बाहेरून एक मॅडम बोलावली होती. आमची काळजी म्हणून नव्हे हो! दारात लावायला कसलंसं सर्टिफिकेट हवं होतं.

मॅडम वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. टेप घेऊन तिने काउंटर मोजला, कॉम्प्युटरची उंची मोजली आणि मला विचारलं, “सिस्टर, इथे बसून तुम्ही रोज किती तास काम करता?”

“बसून?” मला हसूच फुटलं. “अहो, आम्ही डबासुद्धा उभ्याने खातो.”

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, आता बेडजवळचं काम बघते. तर तिच्याबरोबर आलेला ऑफिसातला माणूस म्हणतो, “नको, पेशंटची प्रायव्हसी आहे.” आता बोला! नर्सची कंबर मोडते ती बेडजवळ, काउंटरपाशी नव्हे. म्हणजे दात दुखतोय आणि डॉक्टर टोपीचं माप घेतोय.

बेडजवळ ती गेली असती तर तिला एक गोष्ट दिसली असती. पेशंटची डोक्याकडची बाजू वर करायला बेडच्या पायथ्याशी फिरवायचं हँडल असतं. आमच्या वीस बेडपैकी एकालाही ते नव्हतं. हँडल निघतं, हरवतं, आणि तपासणीत कमी भरलं तर इनचार्जला जाब द्यावा लागतो. म्हणून सगळी हँडलं मी काढून कपाटात ठेवली होती. कुलूप लावून. किल्ली माझ्या खिशात. आधीच्या इनचार्जनेही तेच केलं होतं, तिच्या आधीच्या बाईनेही. कोणाला बसवायचं असलं की मुली पेशंटच्या काखेत हात घालून उचलायच्या. माझ्याकडे किल्ली मागायला कोण येणार? मी खेकसायचे ना.

जाताना मॅडमने चौदा फॉर्म दिले, वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला एक. त्यावर माणसाच्या अंगाचं चित्र होतं, पुढून आणि पाठून. खाली लिहिलं होतं, ‘कुठे दुखतं ते रंगवा’, आणि त्याखाली शून्य ते दहा आकडे. ते बघून मी म्हटलं, अगं बाई, हे तर आपलंच! दर चार तासांनी प्रत्येक पेशंटला आम्ही हेच विचारतो. आजी, किती दुखतंय, शून्य ते दहा? आणि चार्टवर लिहितो. चार्टवर नाही ते झालंच नाही, असं ट्रेनिंगच्या पहिल्याच वर्षी आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं असतं.

फॉर्म दोनच्या आत हवे होते. मेट्रन मॅडमचा फोन आला, “ज्यांना काही त्रास असेल त्यांची नावं आधी मला कळवा.” या वाक्याचा अर्थ आमच्या आयाबाईलासुद्धा कळतो.

मुली पेशंटपाशी अडकलेल्या, पुढच्या शिफ्टला हँडओव्हर द्यायची वेळ तोंडावर आलेली. मग मी काय केलं? ड्युटी संपताना रिकामे राहिलेले रकाने आम्ही भरून टाकतो, सगळं नॉर्मल, सगळं नॉर्मल, तसे मी चौदाच्या चौदा फॉर्म भरून टाकले. दुखतं का? नाही. आकडा? शून्य. पाच मिनिटांत काम फत्ते. माझे गुडघे जिना चढताना रडवतात, तरी माझ्या फॉर्मवरही शून्यच.

फक्त एकीने हटकलं. पंचवीसची असेल, मानखुर्दला आईबरोबर राहायची, दर अकरा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट वाढतंय का याची वाट बघायची. कामाला वाघीण. हल्ली वाकून उठताना बेडचा कठडा धरायची, ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, हेच तर सलतं.

“सिस्टर, माझा कोरा ठेवा ना. मी भरते.”

“गप गं! पुढच्या महिन्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट आहे. नसतं लचांड कशाला?”

मला वाटलं, मी तिला वाचवतेय. शहाणीच मी!

तीन आठवड्यांनी मी चहाला गेले होते. एका जाड्या आजींना धाप लागली, बसवायला हवं होतं. किल्ली माझ्याबरोबर कॅन्टीनमध्ये. पोरीने एकटीने उचललं. परत आले तर आजी व्यवस्थित बसलेल्या आणि ही खाली फरशीवर, कंबर धरून, ओठ पांढरे. तशातही मला म्हणते, “आजींचा ऑक्सिजन लावलाय, सिस्टर.”

मणक्यातली गादी सरकली होती. तिच्यासाठी हलकी ड्युटी मागायला मी मेट्रनकडे गेले. तिने फाइल उघडून तोच फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “कामाने होत असतं तर तेव्हाच लिहिलं असतं ना हिने? इथे शून्य आहे. घरी पाण्याचे हंडे उचलत असेल.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “अक्षर माझं आहे,” मी म्हटलं. “मी खोटं लिहिलं. तुमच्या भीतीने लिहिलं.” आणि तिथेच पेन काढलं. चूक खोडायची आमच्यात रीत आहे. व्हाइटनर नाही, गिरगटणं नाही, एक सरळ रेघ आणि बाजूला सही, तारीख, वेळ. शून्यावर रेघ मारली, सही केली.

“रिपोर्ट कधीच गेला,” मेट्रन म्हणाली. “आता कसली सही करताय?”

खरंच, वरातीमागून घोडं. रिपोर्टात लिहिलं होतं की वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना कोणताही त्रास नाही, फक्त काउंटर जुना आहे. काउंटरला नवीन ग्रॅनाइट बसलं. दारात सर्टिफिकेट लागलं. महिनाअखेर पोरीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि वाढलं नाही. मी ऑफिसात जाऊन इतकी ओरडले की लिफ्टमनने डोकावून पाहिलं. कोणाचं काही वाकडं झालं नाही.

त्या दिवशी वॉर्डात येऊन मी कपाट उघडलं आणि वीसच्या वीस हँडलं बेडना लावली, बँडेजने करकचून बांधून. हरवू दे मेलं. विचारा मला जाब.

मग एका रविवारी मानखुर्दला गेले. आईने दार उघडलं. पोरगी कमरेला पट्टा बांधून चटईवर आडवी होती. मला बघून उठायला लागली, मी दटावलं तेव्हा पडून राहिली. पेशंटला नेतात तशी मोसंबी नेली होती, ती उगाच हातात धरून बसले. तिने वॉर्डातल्या सगळ्यांची चौकशी केली, त्या आजी घरी गेल्या का तेही विचारलं. हँडलांचं सांगितलं तर म्हणाली, “बरं केलंत.” आणि मग सवयीने तोंडातून निघून गेलं, “किती दुखतंय गं? शून्य ते दहा?”

“आज सहा,” ती म्हणाली. “फॉर्म भरलात ना सिस्टर, त्या दिवशी चार होतं. तुम्ही विचारलंच नाही.”