असोला नारळ आणि दक्षिण महासागर

दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रावर संशोधनाला निघालेली मी आमच्या सोसायटीतली पहिली व्यक्ती. आणि घराजवळचं नाहूर स्टेशनही न ओलांडता मोहीम संपवणारी बहुधा जगातली पहिली.

माझं काम तसं साधं आहे. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, त्या अतिथंड पाण्यात कशा तग धरतात ते मी बघते. (‘म्हणजे शेवाळ ना?’ असं विचारू नका. माझी सख्खी मावशी दर दिवाळीला विचारते.) पीएचडीची पहिली वर्षं मी हे दुसऱ्यांनी आणून दिलेल्या पाण्यावर काढली. उष्ट्या पाण्यावरच म्हणा ना! त्यांनी ते कुठून भरलं, कसं भरलं, वाटेत उन्हात ठेवलं की सावलीत, देव जाणे. आमच्या गाईडबाई म्हणायच्या, "स्वतः जाऊन पाणी आण गं. त्याशिवाय तुझ्या प्रबंधात जीव येणार नाही." मी अर्ज केला, तो नाकारला. परत केला, परत नाकारला. तिसऱ्यांदा निवड झाली तेव्हा मी लॅबच्या जिन्यात बसून भोकाड पसरलं होतं. इतकं मला जायचं होतं.

मग वैद्यकीय तपासणी. रक्त, डोळे, कान, हृदय, सगळं झालं. दातांचे डॉक्टर म्हणाले, "अक्कलदाढ वाकडी येतेय. बोटीवर दुखायला लागली तर काय करणार?" म्हणून मी न दुखणारी दाढ उपटून घेतली! गाल सुजवून लॅबमध्ये गेले तर तन्मय धावत आला. हा माझ्याच लॅबमधला, प्रतीक्षायादीत पहिला. मी गेले नाही तर तो जाणार होता.

"काय झालं? काही सीरियस?" त्याने इतक्या आशेने विचारलं, की मला त्याची दयाच आली.

"नाही रे, दाढ काढली. फिट आहे मी."

"अच्छा. काळजी घे हां," तो म्हणाला आणि पडल्या चेहऱ्याने निघून गेला. बिचारा! (हा ‘बिचारा’ मी आता परत घेते.)

आता भाऊकाका. बाबांचे थोरले भाऊ, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि रिटायर झाल्यापासून त्यांना सत्कार करायचं व्यसन लागलंय. कुणी दहावी पास झालं, सत्कार. कुणाला नातू झाला, सत्कार. एकदा तर त्यांनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला शाल-श्रीफळ दिलं. (लिफ्ट दुसऱ्या दिवशी बंद पडली. तो माणूस मात्र शाल घेऊन गेला तो गेलाच.) अशा माणसाच्या घरात पुतणी दक्षिण महासागरात निघाली म्हटल्यावर काय होणार?

बॅनर लागला. गेटवर, दोन मजली! भाऊकाकांचा फोटो मोठा, हात जोडलेला. माझा त्याहून लहान, आधार कार्डावरचा. मागे बर्फ, बर्फावर पेंग्विन आणि पेंग्विनच्या शेजारी भलंमोठं पांढरं अस्वल.

"काका, अस्वल काढा हो! पांढरी अस्वलं उत्तरेला असतात. मी दक्षिणेला चाललेय."

"आसतीत एक-दोन! तू सगळो बर्फ बघून इलंस काय?"

अस्वल राहिलं. लॅबमधल्या सगळ्यांनी बॅनरचा फोटो व्हॉट्सॲपवर बघितला. माझी लाज गेली ती गेलीच. पण संध्याकाळी कामावरून येताना मी रस्त्यापलीकडे थांबून तो बॅनर हळूच बघून घ्यायची, हेही खरं.

इथवर ठीक होतं. मग संस्थेने मोहिमेचा पोशाख दिला. जाड, कापूस ठासून भरलेला, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच लाल सूट. सोबत अस्वलाच्या पंज्याएवढे हातमोजे आणि पुढे पोलादी टोपी बसवलेले बूट. पायावर पिंप पडलं तरी बोटं शाबूत राहतील असे. देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "माप बघून लगेच कळवा. घरातल्या घरात बघा, हं." मी घरातल्या घरातच बघत होते. एसी लावून, दार लोटून. आमच्याकडे दार लोटणं म्हणजे आत या असा अर्थ घेतात.

"गे बाय! ह्यां काय घातलंस? रॉकेटात बसतंस काय?" भाऊकाका दारात उभे. आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली. ती चमक आली की आमची आई देवाला हात जोडते. "सत्काराक ह्यांच घालून येवचां!"

"काका, ऑक्टोबर चालू आहे. मरेन मी."

"मगे? बर्फात जाणाऱ्या माणसाक लोकांनी पंजाबी ड्रेसात बघूचां? काय शोभता तां?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपरात बघितलं. थोरल्या भावाला ‘नाही’ म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही. आजोबांच्या गिरणीतल्या पगारात भागेना, तेव्हा भाऊकाकांनी शाळा सोडून बाबांना शिकवलं. ते ऋण बाबा अजून फेडतायत, आणि हल्ली हप्ते माझ्याकडून जातात.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टेज लागलं. मी त्या सुटात खुर्चीवर जाऊन बसले. मुख्य पाहुणे एक माजी नगरसेवक, त्यांना आधी दोन साखरपुडे आणि एक बारसं उरकायचं होतं. ते येईपर्यंत मी शिजत होते. टेबलफॅन होता, पण तो पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला होता! पाठीवरून घाम बुटात उतरत होता. चेन जरा खाली ओढली की पहिल्या रांगेतून हुकूम यायचा, "चेन वर कर गे, फोटो काढतत!"

एकदाचे पाहुणे आले. फॅनला बरं वाटलं.

"आता दीपप्रज्वलन! गे बाय, बूट काढ."

"काका, बूट सुटाचाच भाग आहेत."

"दिव्यासमोर बूट? तुझा विज्ञान गेला चुलीत!"

मागून आईनेही खुणावलं, काढ बाई, वाद नको. काढले. ते पोलादी टोपीवाले, पिंप झेलणारे बूट मी माझ्या हातांनी काढून स्टेजच्या कडेला नीट जोडीने ठेवले. आता मी गळ्यापासून घोट्यापर्यंत ध्रुवावर होते आणि घोट्याखाली नाहूरला. हातमोजेही काढत होते, तर काका कुजबुजले, "ते रवांदेत. फोटोत दिसाक होये."

समई लागली. शाल आली. त्या सुटावर शाल! वर हार. आणि मग भाऊकाकांनी टेबलाखालून श्रीफळ काढलं.

ते श्रीफळ नव्हतं हो. तो असोला नारळ होता, आमच्या गावच्या बागेतला, सालासकट, कलिंगडाएवढा. काकांनी माइकवरून सांगितलं, "सोललेलो नारळ बाजारात कोणीय देता. ह्यो आमच्या देवाच्या वाडीतलो, मानाचो!" टाळ्या. पाहुण्यांनी तो दोन्ही हातांनी, जरा धापा टाकत, माझ्या हातांत दिला. मी तो त्या गुळगुळीत हातमोज्यांनी धरला. फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, इकडे बघा, स्माईल!"

मी बघितलं. स्माईलही दिलं. नारळ तेवढा थांबला नाही.

उजव्या पायाच्या अंगठ्याशी कट्ट असा आवाज झाला. मी कळवळून खाली वाकले. लोकांना वाटलं, पोरगी पाहुण्यांच्या पाया पडतेय. टाळ्यांचा कडकडाट! पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यशस्वी हो बाळ. मोठी हो."

"काका, माझा पाय..." मी ओरडले. भाऊकाका धावत आले, खाली बसले आणि त्यांनी आधी नारळ उचलला. उलटासुलटा करून बघितला.

"फुटलो नाय!" त्यांनी माइकवरून जाहीर केलं. "शुभ असा!"

नारळ नव्हता फुटला. माझी हाडं मोडली होती. अंगठ्याचं आणि त्याच्या मागचंही. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, आणि बोट सुटायला जेमतेम आठवडा उरला होता. मी संस्थेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला.

"काय लागलं पायाला?"

"नारळ पडला, सर."

"अरे बापरे! झाडावरून?"

"नाही सर. सत्कारातून."

त्यांनी ते फॉर्मवर लिहून घेतलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, बोट सारखी हलत असते. डेकवर एका पायावर कसं उभं राहणार तुम्ही? पुढच्या वेळी बघू." एवढंच. तीन अर्ज आणि एक दाढ, सगळं त्या एका वाक्यात गेलं. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. आई दाराशी उभी राहून रडली. बाबा आले आणि म्हणाले, "चुकलंच माझं. भाऊला नाही म्हणायला हवं होतं."

"कधी म्हणालायत आयुष्यात?" मी फाडकन बोलले. बाबा खाली गेले आणि शिडी लावून त्यांनी स्वतः तो बॅनर उतरवला. आमच्या घरात भाऊकाकांच्या विरोधात झालेलं हे पहिलं पाऊल. पण माझ्या काय उपयोगाचं?

काका रोज विचारपूस करायला यायचे. माफी नाही मागितली. म्हणाले, "देवाक तुझी काळजी. थंय बोट बुडतली असती तर?" बोट बुडाली नाही. व्यवस्थित गेली आणि व्यवस्थित आली. त्या नारळाचं आईने वाटण करून बांगड्याची आमटी केली. मी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून दोनदा वाढून घेतली, निव्वळ सूड म्हणून.

तन्मय गेला. माझाच सूट घालून. तो त्याला आखूड होत होता, पण कुणाची तक्रार होती? बर्फावर उभं राहून त्याने फोटो पाठवला, छातीवर माझ्या नावाची पट्टी तशीच. खाली लिहिलं होतं, ‘तुझी खूप आठवण येतेय यार.’ तो खरंच मनापासून लिहितो, हेच तर वाईट. आणि परत येताना त्याने माझ्यासाठी पाणी आणलं. सगळ्या बाटल्या नीट भरलेल्या, चिठ्ठ्या लावलेल्या. गाईडबाई खूश झाल्या. मी परत उष्ट्या पाण्यावर बसलेय.

यंदा पुन्हा अर्ज केलाय. घरी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

परवा कोपऱ्यावरच्या मंदामावशीकडे मासे घ्यायला गेले. बाबांनी उतरवलेला बॅनर तिने तेव्हाच मागून नेला होता, हे मला माहीत नव्हतं. तिने तो कापून पाटीत अंथरला होता. त्यावर बर्फाचा चुरा, बर्फावर सुरमई. सुरमईच्या शेपटीशी अस्वल, आणि डोक्याशी मी, आधार कार्डासारखं तोंड करून.

"गो, मस्त माल हाय," मावशी म्हणाली. "पानी झिरपत नाय की काय नाय. पन आता फाटत आला. तुझा दुसरा सत्कार कधी?"

मी फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावरचा बर्फ बोटाने जरा बाजूला सारला. म्हटलं, "मावशी, हाच जपून वापरा. आमच्या सोसायटीतून बर्फापर्यंत पोहोचलेली ही एकटीच आहे."