फुंकर

ओट्यात बसवलेली जुनी शेगडी काल कापूरहोळच्या मिस्त्रीनं उचकटून काढली. नळी सुटताना गॅसचा वास आला आणि माझे हात कानांवर गेले.

माहेरी, विंझरच्या घरात मातीची चूल फोडून गॅस आला, तेव्हा मी सात वर्षांची होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेगडी पेटवून देऊन शेतावर गेले. आईनं भाकरी टाकली, पण तिला जाळ कमी वाटला. सवयीनं तिनं फुंकणी उचलली आणि जोरात फुंकर मारली. जाळ विझला. सूं असा आवाज मात्र येतच राहिला आणि तो वास नाकात चढला. देव्हाऱ्यात दिवा तेवत होता.

"भाईर पळ!" मला अंगणात ढकलून आई परत आत गेली. मी कान गच्च दाबून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं ती आली. घामानं निथळलेली, चिमटीला वातीची काजळी.

"झालं बंद. अण्णास्नी सांगू नगंस."

आईला सगळंच येतं, असं तेव्हा वाटलं होतं. काल नवी शेगडी बसवून मिस्त्री म्हणाला, "ताई, बटण बंद कुठल्या बाजूला होतं, बघून घ्या." तेव्हा कळलं, आईला ते कुणी दाखवलंच नव्हतं.