काचेसारखं बोनेट

शोरूमच्या मालकांनी एका जुन्या परदेशी मासिकात चित्र पाहिलं होतं. तिकडच्या दुकानदाराने मोटारीचं पत्र्याचं बोनेट काढून त्या जागी पारदर्शक झाकण बसवलं होतं, गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या इंजिन दिसावं म्हणून. मालकांनी साइनबोर्ड करणाऱ्याकडून जाड अॅक्रिलिक वाकवून हुबेहूब तसंच करून घेतलं. बिजागरीवर ते टिकेना, तेव्हा चारी कोपऱ्यांत बोल्ट मारले. भिवंडीत असली गाडी कुणी पाहिली नव्हती. लोक लग्नाला यावं तसे बघायला यायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिथे काउंटरवर होते आणि माझा थोरला भाऊ मेकॅनिक. आम्ही शेलार गावाहून सकाळी एकत्रच निघायचो. त्याचं आखातात जायचं ठरत होतं. पासपोर्ट तयार होता, फक्त मुंबईतली ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा, बाकी होती. एजंटाने बजावलं होतं, "तिथे बोलणं नको. हात बघतात." हाताला इजा नको म्हणून भाऊ त्या दिवसांत घरी सुरीसुद्धा हातात घेत नसे. आई चिडायची, "नवरी हायस का रं तू?"

शोरूमच्या मागच्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. रुई सगळीकडे उडायची, चहात, केसांत, बिलांवर. अॅक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसलं की ती उलट जास्त चिकटायची, आणि फटींतून आत जाऊन इंजिनावर बसायची. साध्या बोनेटखाली ती कुणाला दिसली नसती. इथे इंजिन पिंजलेल्या गादीसारखं दिसायचं.

मालक घराण्याने लूमवाले. लूमवर रुई साचली की कंप्रेसरने हवा मारतात, इथेही त्यांनी तेच सांगितलं. रोज चार बोल्ट कोण काढणार? भाऊ फटीतून पाइप घालून हवा मारायचा, आणि वरून इंजिन लख्ख दिसायचं. रुई गेली कुठे, हे कुणी विचारलं नाही. ती मागे आणि खाली जात होती, सायलेन्सरच्या तापणाऱ्या पाइपाभोवती.

पावसाळा सरल्यावर मला वास येऊ लागला. इंजिन दाखवायला चालू केलं की यायचा, बंद केलं की जायचा.

"दादा, सूत जळल्यासारखा वास येतोय."

"भिवंडीत जळका वास येत न्हाय असा दिस दाखव बाय," तो म्हणाला. "मागं कारखान्यात एखाद्या लूमची मोटर तापली असंल."

मालक हसले. "तुझं नाक कस्टमवाल्यांना देऊन टाकू. अगं, बोनेट काचेचं आहे, बघ की! आहे काही आत?"

मी पाहिलं. काही नव्हतं. सगळं दिसतं म्हटल्यावर वाकून खाली बघायची गरज कुणाला वाटेना. मलाही वाटली नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी निजामपुऱ्यातलं एक मोठं कुटुंब आलं. त्यांच्या आजी गाडीभोवती फिरून म्हणाल्या, "या अल्ला, इसका तो पेट दिखता है!" सगळे हसले. भाऊ आत बसला आणि त्याने इंजिन सुरू केलं. आजींना हलवेना. "और जोर से, बेटा." मालकांनी मानेने होकार दिला. भावाने रेस वाढवली.

वास आला. या वेळी भरपूर.

इंजिनामागून एक पांढरी रेघ वर आली. "रुई उड रही है," आजी म्हणाल्या. मग झाकण आतून दुधाळ झालं आणि त्या दुधात खाली केशरी दिसू लागलं. मी सगळ्यांना रस्त्यावर ढकललं. भावाने इंजिन बंद केलं आणि तो पाना घेऊन पुढे आला.

"दादा, उघडू नको! खालून वाळू टाकते मी."

"बोनेट काढ आधी!" मालक ओरडले. "गाडी जाईल माझी!"

भावाने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. तो बोल्ट काढायला लागला. तोवर अॅक्रिलिक मऊ पडून मध्ये खचलं होतं. शेवटचा बोल्ट सुटताच ते दुमडलं आणि त्याच्या उजव्या हातावर बसलं. झटकलं तरी ते सुटेना. गरम गुळासारखं ओढलं जात होतं.

मी दाराजवळची वाळूची बादली गाडीखाली आणि वरून इंजिनावर ओतली. आग विझली. गाडी वाचली. पुढे पत्र्याचं बोनेट लावून ती विकलीही गेली.

दवाखान्यात अॅक्रिलिकबरोबर कातडी निघाली. जखम भरली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट जुळेनात.

ट्रेड टेस्टला मी त्याच्याबरोबर गेले, कारण त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. दारातून आतलं दिसत होतं. टेबलावर एक बारीक नट ठेवलेला. त्याने उचलला, तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने डावा हात पुढे केला, तेव्हा परीक्षकाने हळूच नट आपल्याकडे ओढून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आई उंबऱ्यातच उभी होती. "काय झालं?"

"जागा भरल्या होत्या," भाऊ म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन ताटं घेतली, आणि त्याचा भात कालवून ठेवला.