मिरचीच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर

आमच्या गेवराईच्या किराणा दुकानात एका दुपारी फट्ट असा आवाज झाला आणि पाठोपाठ सगळं दुकान खोकायला लागलं. गिऱ्हाईक खोकतंय, गल्ल्यावर बसलेले सासरे खोकतायत आणि कॉम्प्युटरपुढं बसलेली मी डोळ्यांना पदर लावून शिंकतेय. पडदा काळा झाला होता. पेटीच्या मागून धुराची बारीक रेघ निघत होती, आणि तो धूर फोडणीत मिरची जळावी तसा तिखट होता.

तेव्हा गावात कॉम्प्युटर मोजकेच. माझा तर जुनाट, एका क्लासवाल्यानं नवे घेतले तेव्हा नवऱ्यानं माझ्यासाठी उचलून आणलेला. त्यावर मी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची आणि मग पत्रिका छापखान्यात जायच्या. सासऱ्यांनी दुकानातला एक कोपरा दिला होता, पण उसना. कारण उन्हाळा म्हणजे लग्नसराई आणि उन्हाळा म्हणजेच वर्षाच्या तिखटाची बेगमी. माझ्या टेबलाला चिकटून मिरचीच्या पोत्यांची थप्पी, आणि तिच्यापलीकडं तिखटाचे उघडे डबे. सासरे येताजाता म्हणायचे, "तुझा डबा बंद पडला की माझं आणखी एक पोतं बसंल हितं."

थट्टाच ती, पण तिच्यात खरं किती हे मला कळत होतं. कोपरा गेला की माझं काम गेलं. स्वयंपाकाला माझी कधीच ना नव्हती, पण मी जुळवलेली पत्रिका घरोघरी देवापुढं ठेवली जाते याचा मला भारी अभिमान होता, आणि तो कोपरा मी सुखासुखी सोडणार नव्हते.

नवरा मास्तर, परीक्षेच्या ड्युटीवर बाहेरगावी. मग मीच मागचे स्क्रू काढून पेटीतला जळका डबा सोडवला आणि दुसऱ्या दिवशी बीडला निघाले. बघते तर सासरे टोपी घालून दारात तयार.

"खरेदी हाय ना? मी येतो. तुला फसवतेल ते."

मला रागच आला. कॉम्प्युटर माझा आणि पारख यांची! पण सासऱ्यांना तोंडावर नको म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. डबा पिशवीत घालून आम्ही एसटीत बसलो.

बीडचा कॉम्प्युटरवाला तरुण होता, बोलायला चटपटीत. "पॉवर सप्लाय गेला, ताई. घरची वीज मशिनीला सोसंल अशी करून देतो तो हाच डबा," असं म्हणत त्यानं झाकण उघडलं आणि लागोपाठ शिंकत सुटला. आत सगळीकडं लाल भुकटी बसली होती.

"काका, ह्याला काय जेवू घालत होते तुमी?" तो नाक पुसत म्हणाला. "पंखा फिरला की बाहेरची हवा आत येती. मग हवेत जे असंल ते समदं आत."

सासऱ्यांनी शांतपणे चिमूटभर भुकटी उचलून जिभेवर ठेवली. "आपलीच हाय," ते म्हणाले. "गुंटूर. लई तेज निघाला बरं का औंदाचा माल."

मला असं हसू फुटलं की सकाळचा राग कुठल्या कुठं गेला.

मग खरी खरेदी सुरू झाली. दुकानदारानं पहिल्यांदा एक कोराकरकरीत डबा पुढं ठेवला. सासरे लगेच खूश. मी मात्र तारा बघून परत सरकवला आणि सासऱ्यांना म्हटलं, "मामा, हा चालायचा न्हाई. ह्याच्या तारांच्या टोकाला एकच रुंद पट्टी हाय. आपल्या मशिनीला दोन लागतात, सहा-सहा तारांच्या. हा नव्या मशिनींचा हाय."

"बराबर बोलल्या ताई," दुकानदार म्हणाला. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माल ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाकडं ते असं बघायचे.

माळ्यावर शोधाशोध करून दुकानदारानं जुन्या पद्धतीचे दोन डबे काढले. एक चकचकीत, वर ताकदीचा मोठा आकडा. दुसरा मळकट, आकडाही लहान. मी अर्थातच मोठ्या आकड्याला हात घातला. सासऱ्यांनी तो माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या हातात मळकट डबा घेतला आणि डोळे मिटून उभे राहिले.

"आकडा मोठा अन् माल हलका? पोत्यावर शंभर किलो लिहिलं म्हणून पोतं शंभराचं होत न्हाई, पोरी."

दुकानदार वाद घालायला लागला, तशी सासऱ्यांनी दोन्ही डबे काखेत मारले आणि थेट शेजारच्या भुसार दुकानात गेले. तिथला तराजू, एका पारड्यात हा डबा, दुसऱ्यात तो. मळकटाचं पारडं धाडकन खाली. बघे जमले. सासऱ्यांनी जड डबा कानाशी धरून खुळखुळवला, वजनाला आत खडे तर भरले नाहीत ना म्हणून! मग फटीतून बॅटरी मारून मलाच बघायला लावलं. जड डब्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी चांगली मूठभर होती आणि उष्णता ओढणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या जाड होत्या. हलक्यात सगळंच किडमिडीत.

दुकानदार शेवटी हसला. "जितले काका तुमी. माझ्या घरच्या मशिनीतबी जडवालाच हाय. पण एक सांगतो. मिरचीशेजारी ठेवाल तर हाबी उन्हाळा काढायचा न्हाई. मशीन हलवा न्हाईतर मिरची."

सासऱ्यांनी पैसे मोजले आणि डबा पिशवीत घातला. एवढी छान खरेदी झाली आणि घरी जाऊन ठेवायची कुठं? परतीच्या वाटेवर गढी गावाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला उसाचा रस पाजला. आधी गोड, मग कोपरा खाली कर म्हणणार, असं मनात येऊन तो रसही मला गोड लागेना.

घरी आल्या आल्या मी डबा बसवायला घेतला. दोन्ही पट्ट्यांच्या काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, नाहीतर सगळंच जळतं. मी तारांचे रंग पुन्हा पुन्हा बघत होते आणि सासरे वरून बॅटरी धरून उभे होते. सासूबाई विभूतीची बोटं ओढायला पुढं आल्या, तर सासरे केवढ्यानं ओरडले, "वर लाव, वर! पंख्यापाशी नगं!"

बटण दाबलं. पंखा घुमला, पडदा उजळला आणि मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

वळून बघते तर सासरे मिरचीचं पोतं ओढत मागच्या खोलीकडं निघालेले. मी धावले. म्हटलं, "मामा, ऐन हंगामात?"

"मिरची कुठंबी विकती," ते धापा टाकत म्हणाले. "धर तिकडून."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळी थप्पी हलवली आणि कोपरा ओल्या फडक्यानं पुसून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रिका जुळवत बसले होते. एक बाई दारातून विचारत आली, "मिरची कुठं गेली ओ शेटजी?"

"मिरची मागल्या दारी," सासरे गल्ल्यावरून म्हणाले. "हितं आमच्या सूनबाईचं दुकान हाय."

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं, आणि मिरची तर मागच्या खोलीत होती.