भाऊजींचा शब्द आणि सायखेड्याचा कावळा

माझे धाकटे दीर वाल्मीक आमदार झाले, त्याआधी बावीस वर्षं नाशिकच्या कोर्टात वकिली करत होते. पक्षकाराला ठाम शब्द द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. "भाऊजी, जेवायला बसताय ना?" विचारलं तरी "तसा प्रयत्न राहील" म्हणायचे.

सायखेड्याच्या झुंबरआबांची बांधाची केस त्यांनी अकरा वर्षं चालवली आणि जिंकली. त्याच आबांनी निवडणुकीत गावभर फिरून भाऊजींसाठी मतं मागितली. मागणं एकच, वस्तीचा रस्ता. पावसाळ्यात तिथे बाळंतिणीला खाटेवरून न्यावं लागतं. निवडून आल्यावर भाऊजी चार वर्षं म्हणत राहिले, "प्रकरण विचाराधीन आहे." यंदा आबा गेले.

दशक्रियेला आम्ही गोदाकाठी जमलो. आमच्याकडे दहाव्याला पुढारी भाषण करतातच. भाऊजी उठले ते थेट, "आबांच्या चारित्र्याविरुद्ध आजवर एकही पुरावा समोर आलेला नाही!" मी पदर तोंडाला लावला.

पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. सात-आठ बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. मुलगा बहिरू म्हणाला, "आईला सांभाळीन." काही नाही. "बहिणींचं माहेर तोडणार नाय." तरी नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायचं बोलू लागले, तशा आबांच्या बायको रंगूबाई उठल्या.

"आमदार, त्यांचा जीव रस्त्यात गुतलाय. तुमी बोला."

भाऊजींनी हात जोडले. "आबा, शासनस्तरावर पाठपुरावा सुरू आहे."

कावळे वरच्या फांदीवर गेले.

"बरं, पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता करतो..." एक कावळा खाली उतरला, दोन पावलं पुढे आला. "...निधीच्या उपलब्धतेनुसार."

कावळा उडाला.

"अहो भाऊजी!" मला राहवलं नाही. "ती उपलब्धता काढा आधी!"

"काढली! पावसाळ्याआधी रस्ता. नाही झाला तर मत मागायला येणार नाही."

कावळ्याने पिंडाला चोच लावली. रंगूबाईंनी डोळे पुसले. मी मनात रामाला हात जोडले.

परतताना भाऊजी गाडीत घाम पुसत होते. "वहिनी, विनाअट कबुली दिली हो मी. तीही दोनशे साक्षीदारांसमोर."

"देवासमोर दिलीत," मी म्हटलं. "त्याला अपील नाही."

एप्रिलात खडी पडली, मेअखेर रस्ता झाला. काम चालू असताना भाऊजी एक दिवसाआड तिथे जाऊन उभे राहायचे. ठेकेदाराला वाटायचं, साहेब कामाचा दर्जा तपासतात. साहेब विजेच्या तारेवर कोण बसलंय ते बघत असायचे.